दोन फेऱ्यांत झिजलेला टायर

१

सात नंबरची लाल गाडी वळलीच नाही.

ट्रॅकवरचं ते सगळ्यात वेगवान वळण, उजवीकडे लांबलचक जाणारं. सकाळपासून त्या वळणावरून ही गाडी रुळावरून गेल्यासारखी जात होती. या वेळी पुढची चाकं उजवीकडे वळलेली सगळ्यांनी पाहिली, आणि गाडी मात्र नाकासमोर सरळ निघाली. डांबर सुटलं. खडी लागली. दगडगोटे चौफेर उडाले, धुळीच्या ढगात गाडी दिसेनाशी झाली, आणि कडेला रचलेल्या जुन्या टायरांच्या भिंतीवर काहीतरी धप्पकन आदळलं.

लाल बावटे फडफडू लागले. गॅलरीतले सगळे उभे राहिले. "छोटे!" अशी किंकाळी फोडून एक धिप्पाड माणूस कठड्यावरून उडी मारून धावत सुटला. तो गाडी चालवणारीचा थोरला भाऊ. लाकडी फर्निचर करायचा त्याचा कारखाना होता, पण सुट्टीच्या दिवशी बहिणीच्या गाडीची चाकं बसवणं हे त्याचंच काम.

धूळ खाली बसायच्या आत गाडीचं दार उघडलं. हेल्मेट काढत, डावं मनगट छातीशी धरून ती बाहेर आली. ट्रॅकवर तिला सगळे डॉक्टर म्हणत. दातांची डॉक्टर होती ती.

"लागलं का गं? कुठं लागलं?" दादाला धाप लागली होती.

"मनगट मुरगळलंय, बाकी काही नाही." तिनं गाडीकडे वळून पाहिलं. "दादा, मी स्टिअरिंग वळवलं रे. गाडीनं ऐकलंच नाही माझं."

आजचा दिवस नेहमीच्या हौशी ट्रॅक-डेसारखा नव्हता. येत्या हंगामातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी क्लबचा संघ निघणार होता आणि त्यात एकच जागा रिकामी होती. त्या शर्यतीत नुसता वेग कामाचा नाही, टायर पुरवून वापरायला लागतात. म्हणून कसोटीही तशीच ठेवलेली. सगळ्यांच्या गाड्या एकाच जातीच्या, दोन सीटच्या, इंजिनाचा जोर मागच्या चाकांना देणाऱ्या. सगळ्यांना सकाळी नव्या टायरांचा एकेक संच दिलेला. दिवसभरात चार सत्रं. प्रत्येक सत्रात ठरलेला वेग राखायचा, आणि संध्याकाळपर्यंत एकाही टायरची झीज खाचेतल्या पट्टीपर्यंत जाऊ द्यायची नाही. टायरच्या खाचांच्या तळाशी रबराचा एक बारीक उंचवटा असतो, तीच ती पट्टी. ती वरच्या रबराशी सपाट झाली की टायर संपला आणि चालकही संपला.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत तीन सत्रं झाली होती आणि बाकीचे सगळे एकतर वेगात मागे पडले होते किंवा गाडी घसरवून बाद झाले होते. उरले होते दोघंच. सात नंबरवर डॉक्टर, आणि तीन नंबरवर एक तरणाबांड पोरगा, ज्याला सगळे सुसाट म्हणत.

तपासनीस खडीतून चालत आला, गुडघ्यावर बसला आणि पुढच्या डाव्या टायरच्या खाचेत त्यानं मोजायची सुई घातली. मग मान हलवली.

"पट्टी लागली, डॉक्टर. टायर संपलाय. तुम्ही बाद."

"शक्यच नाही!" डॉक्टर मनगटाचं दुखणं विसरली. "जेवायला जाण्याआधी मी स्वतः हात फिरवलाय त्यावरून. निम्मी खाच शिल्लक होती! त्यानंतर माझी दुसरीच फेरी ही. दोन फेऱ्यांत निम्मा टायर कसा संपेल?"

२

"कसा संपेल?" असं मागून आणखी कुणीतरी म्हणालं, आणि गर्दी आपोआप बाजूला झाली.

ट्रॅकच्या मुख्य अधिकारी बाईंना लहानथोर सगळे मावशी म्हणत. या ट्रॅकवर येण्याआधी त्यांचं अर्धं आयुष्य आपटलेल्या गाड्या तपासण्यात गेलं होतं. आवाज चढा, चाल झपाझप, आणि समोरचा खोटं बोलतोय असं वाटलं की त्या चष्मा काढून पुसायला घेत. ते पाहूनच माणसं निम्मं खरं ओकून टाकत.

"टायरवर खूण कुणाची?" त्यांनी तपासनीसाला विचारलं.

"यांचीच. सकाळी मीच पिवळ्या रंगानं लिहिली. हे बघा, सात, खाली पुढचा डावा. टायर बदललेला नाही."

"गाडी सुट्टीत शेडमध्ये उभी. ट्रॅकवर दोन फेऱ्या. आणि टायर म्हणतोय मी दिवसभर राबलोय." मावशींनी हात झटकले. "शेवटचं सत्र थांबवा. गाडी ओढून शेडमध्ये आणा. तीन नंबरचीही तिथंच उभी करा, कुणी हात लावायचा नाही. आणि जरा पाय उचला, उजेड जायच्या आत हे मला सोडवायचंय!"

शेडमध्ये चाक काढून बाकावर ठेवलं. डॉक्टरच्या मनगटाला पट्टी बांधून झाली होती. ती बाकापाशी वाकली आणि टायरच्या रबरावरून उजव्या हाताची बोटं हळूच फिरवू लागली, एखाद्याच्या दाढेवरून फिरवावीत तशी.

"काय कळतंय?" मावशींनी विचारलं.

"सांगते. माझ्याकडे दोन माणसं येतात. दोघांचे दात झिजलेले असतात. पण झोपेत करकरा दात खाणाऱ्याची झीज वेगळी आणि सतत आंबट चघळणाऱ्याची वेगळी. तोंड उघडलं की मला कळतं." तिनं मान वर केली. "मावशी, हा टायर सगळीकडून सारखा झिजलाय. या कडेपासून त्या कडेपर्यंत. वर किसणीसारखा खरबरीत झालाय. माझा पुढचा डावा असा झिजूच शकत नाही."

मावशींच्या डोळ्यांत चमक आली. "का नाही? बोल, बोल."

"आपला ट्रॅक उजवीकडे वळत जातो. म्हणजे भार सगळा डाव्या चाकांवर, त्यातही पुढच्या डाव्याच्या बाहेरच्या कडेवर. वळताना तीच कड घासली जाते. माझा टायर झिजला तर कडेनं झिजेल, तिरपा. मध्ये रबर शाबूत राहील."

"आणि असा, सगळीकडून किसल्यासारखा कोणता झिजतो?"

डॉक्टरनं टायर पुन्हा चाचपला. "मागचा. वळण संपायच्या आधीच ॲक्सिलरेटरवर पाय दाबणाऱ्याचा. चाक जागच्या जागी फिरतं, घासतं, तापतं. असं पुन्हा पुन्हा तापलेलं रबर शेवटी घट्ट होतं आणि पकड सोडतं."

"म्हणूनच तुझी गाडी सरळ गेली." मावशींनी ओला फडका घेतला आणि टायरच्या बाजूवरची खडीची धूळ पुसली. पिवळ्या आकड्याभोवती हाताच्या पंजाएवढा भाग बाकीच्या रबरापेक्षा काळाभोर, चकचकीत निघाला. मावशींनी नाक जवळ नेलं. "थिनर! जुनी खूण पुसून वर नवी लिहिलीय."

दोघी एकदमच ताठ झाल्या आणि एकदमच वळल्या. पलीकडे हातभर अंतरावर तीन नंबरची गाडी उभी होती. मावशी तिच्या मागच्या डाव्या चाकापाशी खाली बसल्या. मध्ये रबराला वरवरचे ताजे ओरखडे होते. पण त्याखालची जुनी झीज तिरपी होती, बाहेरच्या कडेनं खाल्लेली. आकड्याभोवती तसाच पंजाएवढा काळाभोर डाग.

"हा माझा!" डॉक्टर ओरडलीच. "मावशी, हा माझा टायर आहे!"

"हळू." मावशींनी तिच्या तोंडावर हात ठेवला. "टायर सापडला. चोर सापडलेला नाही."

३

"चोर कोण हे सांगायला कशाला पाहिजे?" डॉक्टर चडफडली. "गाडी त्याची, फायदा त्याचा!"

"गाडी त्याची आहे म्हणून हात त्याचेच असतील असं नाही. तू बस इथं शांत."

मावशींनी टायर मोजायच्या छोट्या खोलीत खुर्ची टाकली आणि एकेकाला बोलवायला सुरुवात केली. टायरांची अदलाबदल झाल्याचं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

पहिला तपासनीस. त्याला घाम फुटला होता. "मावशी, सुट्टीभर मी तुमच्याच समोर बसून जेवत होतो!"

"ते मला ठाऊक आहे. तुझा पिवळा रंगाचा पेन कुठाय?"

तो ओशाळला. "सकाळी हरवला. मी दुसरा घेतला. क्षुल्लक गोष्ट, म्हणून बोललो नाही."

"कुठं हरवला?"

"शेडमध्येच. तीन आणि सात, दोन्ही गाड्यांवर खुणा केल्या, त्यानंतर दिसलाच नाही."

दुसरा दादा. तो दारातूनच म्हणाला, "मी सुट्टीभर गाडीजवळ बसून होतो. कुणी फिरकलं नाही."

मावशींनी चष्मा काढला. काच पुसली. दादाची नजर जमिनीवर गेली.

"सकाळी तुझं आणि बहिणीचं वाजलं होतं," मावशी शांतपणे म्हणाल्या. "लांब पल्ल्याच्या शर्यतीत तिनं जाऊ नये असं तुझं म्हणणं. बरोबर?"

"बरोबर. भीती वाटते मला. पण म्हणून मी तिचा टायर..." तो थबकला. "तुम्हाला काय वाटतं, मी तिला खडीत घालीन?"

"मला काहीच वाटत नाही. सत्र अचानक लवकर सुरू झालं. तिनं गाडीत बसताना तुला विचारलं, टायर बघितलेस का. तू हो म्हणालास. बघितले होतेस?"

दादानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "नाही."

"कुठं होतास?"

"फोटोवालीकडं." बोटांच्या फटीतून आवाज आला. "वळणावर बसून फोटो काढते ना, ती. छोटीचे फोटो दाखव म्हणालो आणि बसलो. सुट्टी कधी संपली कळलंच नाही."

मावशींनी फोटोवालीला आत बोलावलं. ती लाजली नाही, उलट हसली. "सुट्टीभर इथंच होते हे. बहिणीचे फोटो बघायला आले होते, पण बघत होते माझ्याकडे. मध्येच चहा सांडला माझ्या पिशवीवर."

दादाचे कान लाल झाले. मावशी हसू दाबत म्हणाल्या, "जा. आणि यापुढे टायर बघितले नसतील तर नाही म्हणायचं. बहीण आज वाचली ती स्वतःच्या हिकमतीनं."

तिसरा आला तो उस्ताद. एकेकाळचा गाजलेला शर्यतवीर, सुसाटचा बाप आणि गुरू. केस पांढरे झाले होते, खांदे अजून ताठ. तो खुर्चीत बसला तोही जणू गाडीत बसल्यासारखा.

"वाईट झालं," तो म्हणाला. "पोरगी चांगली चालवते. पण टायर जपणं सोपं नाही."

"सुट्टीत तुम्ही कुठं होता?"

"पाठ धरली होती. कँटीनच्या मागच्या बाकावर आडवा पडलो. शेडकडं फिरकलोसुद्धा नाही."

"गाडीला हात लावला नाही? हवा बघितली नाही?"

"म्हटलं ना, फिरकलो नाही. पोराची गाडी पोरगा बघतो. तो आता लहान आहे का?"

मावशींनी मान डोलावली. चष्म्याला त्यांनी हात लावला नाही. उस्ताद उठला आणि निघून गेला.

डॉक्टर मधल्या दारामागे उभी राहून सगळं ऐकत होती. ती आत आली. "झालं. दादा सुटला, तपासनीस सुटला, उस्ताद झोपला होता. उरला कोण?"

बाहेर पावलं वाजली. उरलेला आपणहून, दार न वाजवताच, आत शिरला होता.

४

"मावशी, शेवटचं सत्र पुन्हा कधी?" सुसाटला उभं राहवत नव्हतं. एका पायावरून दुसऱ्या पायावर चालू होतं. मग त्याचं लक्ष डॉक्टरकडे गेलं आणि चेहरा पडला. "ताई, जास्त लागलं नाही ना? मी तुमच्या मागेच होतो. माझा श्वासच अडकला."

डॉक्टरनं मान फिरवली.

"सुट्टीत कुठं होतास?" मावशींनी विचारलं.

"जेवणाच्या हॉलमध्ये! सगळ्यांना विचारा. मी टेबलावर मिठाची बाटली अन् चमचे मांडून माझी सकाळची फेरी दाखवत होतो. लोक कंटाळून उठले तरी मी दाखवत होतो."

हे खरंच होतं. मावशींनी स्वतः त्याला दोनदा आवाज कमी कर म्हणून दटावलं होतं. डॉक्टरनंही ते पाहिलं होतं. आता तिच्या कपाळावर आठी पडली.

"बरं, दुपारच्या सत्रात गाडी कशी वाटली?"

सुसाटचे डोळे चमकले. "तेच सांगायला आलो! सकाळी मागचा डावा कोपरा सारखा निसटत होता. ॲक्सिलरेटर दिला की शेपूट बाहेर. मला वाटलं, टायर गेला, आता मी बाद. आणि दुपारी बघतो तर काय, तोच कोपरा चिकटून बसलाय! गाडी मऊसूत! मला कळेचना. सत्र थांबल्यावर मी बाबांना म्हटलं, ही काय जादू केलीत? म्हणाले, सुट्टीत थोडी हवा कमी केली. आहेत की नाही बाबा उस्ताद?"

डॉक्टरनं मावशींकडे पाहिलं. मावशी हळूच उठून उभ्या राहिल्या.

"काय झालं?" सुसाट दोघींकडे आळीपाळीनं बघू लागला. "मी काही चुकीचं बोललो का?"

"नाही रे बाळा," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता. "तू बरोबर बोललास. जा, तुझ्या बाबांना शेडमध्ये बोलाव. आणि तूही ये."

५

बाकावर दोन टायर शेजारी शेजारी ठेवले होते. एक कडेनं झिजलेला, एक सगळीकडून किसलेला. दादा, तपासनीस आणि डॉक्टर एका बाजूला उभे होते. उस्ताद आत आला, त्यानं टायर बघितले, आणि त्याची चाल किंचित मंदावली.

"हा किसलेला टायर सात नंबरच्या पुढून निघाला," मावशींनी सुरुवात केली. "पण तो पुढचा नाहीच. मागच्या चाकाला बसून, जोरात फिरून झिजलाय. आणि हा तिरपा झिजलेला तीन नंबरच्या मागून निघाला, पण याची जुनी झीज सगळी पुढच्या चाकाची. दोघांवरच्या खुणा थिनरनं पुसून नव्यानं लिहिल्यात. सुट्टीत कुणीतरी यांची अदलाबदल केली."

"काय?" सुसाट ओरडला.

"गाड्या शेजारी उभ्या. दोन जॅक, एक हातपाना, शेडमध्ये राहून गेलेला तपासनीसाचा पिवळा पेन, आवाज नाही. दोन्ही चाकं डाव्या बाजूची, म्हणून टायरची बाहेरची बाजू बाहेरच राहते आणि नुसत्या नजरेला काही कळत नाही. हे सुचायला टायर ओळखणारा माणूस लागतो. आता तो कोण? तपासनीस माझ्यासमोर जेवत होता. दादाची साक्ष फोटोवालीनं दिली. सुसाट हॉलमध्ये मिठाच्या बाटलीची शर्यत लावत होता. शिवाय टायर यानं बदलला असता, तर गाडी मऊसूत कशी झाली हे मला येऊन आनंदानं सांगितलं असतं का? तो गप्प बसला असता."

मावशी उस्तादकडे वळल्या.

"उस्ताद, तुम्ही मला सांगितलंत की सुट्टीत शेडकडे फिरकलोच नाही, गाडीला हात लावला नाही. आणि मुलाला सांगितलंत की सुट्टीत मी हवा कमी केली. बाकावर झोपून हवा कमी करता येत नाही. दोन्हीतलं एक खोटं आहे. खरं तर दोन्ही खोटं आहे. मुलानं विचारलं की पकड कशानं वाढली, तेव्हा त्याला काहीतरी कारण द्यावं लागलं. आणि मला विचारल्यावर तिथं नव्हतोच असं म्हणावं लागलं. दोन खोटी एकमेकांना भेटतील असं तुम्हाला वाटलं नाही."

"बाबा?" सुसाटचा आवाज फाटला. "बाबा, सांगा ना की असं नाहीये."

उस्तादनं बाकाचा आधार घेतला.

"सुट्टी सुरू झाली तेव्हा मी टायर बघितला," तो म्हणाला. "संपत आला होता. दुपारच्या सत्रातच पट्टी लागली असती. मी याला वेग शिकवला. वळणात जोरात शिरायची भीती घालवली. पण टायर कसा जपायचा ते कधी शिकवलं नाही. मलाच कुठं येत होतं? आमच्या वेळी दणादण चालवायचं, टायर गेला की नवा चढवायचा." त्यानं डॉक्टरकडे नजर वळवली. "मला वाटलं, तू पहिल्याच वळणावर ओळखशील. वेग कमी करशील, परत येशील, मोजणीत बाद होशील. तू खडीत जाशील असं नव्हतं वाटलं गं."

"पहिल्या फेरीत मला वाटलंच होतं काहीतरी," डॉक्टर म्हणाली. "पण मी म्हटलं, टायर गार असेल, तापला की धरेल. माझ्या टायरवर माझा विश्वास होता. भिंत थोडी अलीकडे असती तर काय झालं असतं, काका?"

दादा पुढे सरकला, मुठी आवळलेल्या, पण डॉक्टरनं त्याच्या दंडाला धरलं.

सुसाट रडत नव्हता. तो चालत आपल्या गाडीपाशी गेला, दारावर चिकटवलेला तीनचा आकडा नखानं उचकटून त्यानं ओढून काढला आणि मावशींच्या हातात दिला.

"मी बाद. सकाळच्याच टायरवर बाद होतो मी." मग तो डॉक्टरकडे वळला. "ताई, तुमचं शेवटचं सत्र राहिलंय. उजेड आहे अजून."

६

"चालवणार नाही ती!" दादा म्हणाला. "हात बघा तिचा!"

"बोटं हलतायत." डॉक्टरनं हलवून दाखवली. "टायर बघ, दादा. या वेळी खरंच बघ."

दादा गुडघ्यांवर बसला. चारही टायरांवरून त्यानं तळहात फिरवला. परत मिळालेल्या टायरपाशी त्याचा हात थांबला. सुसाटच्या मागच्या चाकाला त्यानं दोनच फेऱ्या काढल्या होत्या, पण तीन सत्रांत बाहेरची कड आधीच बरीच खाल्लेली होती. "कडेला नखाएवढं राहिलंय, छोटे. हा पुढे लावलास तर कड टिकणार नाही."

"पुढे लावायचाच नाही." तिच्या डोक्यात ते केव्हाच ठरलं होतं. "मागचा डावा पुढे आण, हा मागे टाक. मावशी, आपल्याच चार टायरांची जागा बदलली तर नियमात बसतं ना?"

"बसतं. तपासनीस खुणा बदलेल, माझ्या समोर."

"मग टाक मागे. मागच्या चाकांना मी त्रास देत नाही."

गाडीचा पुढचा बंपर चिकटपट्टीनं बांधून ती ट्रॅकवर आली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. गॅलरी खच्चून भरली होती. बाद झालेले सगळे चालक कठड्याला येऊन चिकटले होते. शेड ओसाड पडली होती आणि तिथं उस्ताद एकटाच बसला होता.

पहिली फेरी तिनं टायर तापवण्यात घालवली, घाई न करता. मग वेग चढला. वळण आलं की ती सरळ रेषेतच ब्रेक मारून घ्यायची, स्टिअरिंग एकदाच, हळुवार वळवायची, आणि चाकं पुन्हा सरळ होईपर्यंत ॲक्सिलरेटरला नुसता पाय टेकवून ठेवायची. इतरांच्या गाड्यांचे टायर वळणावर किंचाळायचे. हिची गाडी जाताना फक्त इंजिन ऐकू येत होतं.

"वेळेत आहे!" सुसाट घड्याळ हातात घेऊन कठड्यावर अर्धा लोंबकळत होता. "ताई, वेळेत आहात! अशाच राहा!" तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं, पण तो प्रत्येक फेरीला ओरडत राहिला. मध्येच तो मावशींकडे वळला. "बघा, बघा, ब्रेक किती लवकर सोडला! मी तिथं अजून दाबून धरतो. मग मला वाटतं मी वेगात आहे. मी वेगात नाहीये, मावशी, मी नुसता टायर जाळतोय!"

शेवटच्या फेरीत ते वेगवान उजवं वळण आलं. गॅलरीतले सगळे पुढे वाकले. दादानं डोळे मिटले. गाडी आत शिरली आणि मागून एक बारीक कुईंऽऽ असा आवाज आला. मागचा डावा निसटू बघत होता. फोटोवालीनं दादाचं मनगट घट्ट पकडलं. डॉक्टरनं ना ब्रेक लावला, ना स्टिअरिंगला हिसका दिला. पाय केसभर सैल केला, एवढंच. आवाज बंद झाला. गाडी वळणातून अलगद बाहेर पडली आणि झेंड्याखालून निघून गेली.

तपासनीस सुई घेऊन खाली बसला तेव्हा सगळे एकमेकांच्या खांद्यांवरून वाकले होते. त्यानं पुढचे दोन मोजले. मागचा उजवा मोजला. मग मागच्या डाव्याच्या खाचेत सुई घातली, काढली, पुसली आणि पुन्हा घातली.

"अरे बोल की बाबा!" मावशी खेकसल्या.

"पट्टी अजून खाली आहे." त्यानं वर बघितलं आणि त्याचं तोंडभर हसू पसरलं. "टायर जिवंत आहे!"

एकच गलका झाला. दादानं बहिणीला उचललं, मग मनगट आठवून घाबरून खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं. "जा," तो तिच्या कानात म्हणाला. "जा त्या शर्यतीला. टायर मी बघीन. प्रत्येक वेळी बघीन."

पार्किंगमध्ये उस्ताद आपल्या घरच्या गाडीशी उभा होता. मावशींनी त्याला जन्मभरासाठी ट्रॅकचं फाटक बंद केलं होतं, आणि त्यानं एका शब्दानं वाद घातला नव्हता. फक्त एवढंच म्हणाला होता, की पोराला काही ठाऊक नव्हतं हे सगळ्यांना सांगा. मावशींनी ते भोंग्यावरून सांगितलं होतं.

सुसाट चालत आला. बापानं किल्ली मागायला हात पुढे केला, पण सुसाटनं स्वतःच चालकाच्या बाजूचं दार उघडलं.

"मी टॅक्सीनं येईन," उस्ताद पुटपुटला. "तुला माझ्याबरोबर बसायचं नसेल."

"नाही बसायचं," सुसाट म्हणाला. "पण तुम्हाला इथं टाकून जाऊ का? बसा, बाबा."

उस्ताद बसला.

"पुढच्या ट्रॅक-डेला मी ताईंच्या शेजारच्या सीटवर बसणार आहे," सुसाट म्हणाला. "विचारलं मी. बघू म्हणाल्या."

बापानं हळूच विचारलं, "आणि घरी आल्यावर मला सांगशील, त्या काय करतात ते?"

सुसाटनं किल्ली फिरवली. मग गिअर टाकत म्हणाला, "पट्टा लावा आधी."